अँगस्ट्रॉम, नॅनोमीटर, सेंटीमीटर: रूपांतर करताना या चुका टाळा

मिठाच्या स्फटिकातील युनिट सेलची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या घनाकृती मूळ ठोकळ्याची) कड 5.64 अँगस्ट्रॉम आहे, त्यावरून मिठाची घनता काढा, अशा धर्तीचे गणित बारावीपासून पदवीपर्यंत पुन्हापुन्हा समोर येते, आणि सूत्र बिनचूक लिहूनही अनेकांचे उत्तर चुकते. 1 अँगस्ट्रॉम म्हणजे 10⁻⁸ सेंटीमीटर हे पाठ असते; म्हणून 5.64 चा घन 179.4 काढून त्याला 10⁻⁸ नेच गुणले जाते. परंतु संख्येचा घन केला की एककाचाही घन होतो, त्यामुळे गुणक 10⁻²⁴ हवा आणि घनफळ 1.794 × 10⁻²² घन सेंटीमीटर यायला हवे. एका युनिट सेलमध्ये सोडियम व क्लोराइड आयनांच्या 4 जोड्या, 58.44 ग्रॅम प्रति मोल हे वस्तुमान आणि 6.022 × 10²³ हा अॅव्होगॅड्रो अंक (एका मोलमधील कणांची संख्या) घेतल्यास घनता 2.16 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर मिळते. चुकीच्या गुणकाने ती 2.16 × 10⁻¹⁶ येते. पुढचे अंक तेच असल्यामुळे चूक नजरेतून निसटते. मिठाचा खडा पाण्यात तळाशी जातो, म्हणजे उत्तर 1 पेक्षा मोठेच असणार, एवढा विचार केला तरी ती पकडता येते. त्याहून बरे म्हणजे कड आधी सेंटीमीटरमध्ये मांडावी आणि मगच घन करावा.

अँगस्ट्रॉममुळे आणखी एक गोंधळ होतो. मिलिमीटर, मायक्रोमीटर, नॅनोमीटर, पिकोमीटर या पायऱ्या हजार-हजारपटींच्या आहेत. एसआय (आंतरराष्ट्रीय एकक) पद्धतीत न बसणारा अँगस्ट्रॉम मात्र मधेच येतो, नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढा आणि पिकोमीटरच्या शंभरपट. म्हणून दोन कार्बन अणूंमधील एकेरी बंधाची लांबी 154 पिकोमीटर, 1.54 अँगस्ट्रॉम किंवा 0.154 नॅनोमीटर अशी लिहिली जाते. स्फटिकशास्त्रात हे एकक टिकून आहे ते उगाच नव्हे, कारण अणूंमधील अंतरे त्यात सुटसुटीत आकड्यांत मावतात. दिशेबद्दल शंका आली तर एकक लहान झाल्यावर संख्या मोठी व्हायला हवी हे तपासावे: सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची 589 नॅनोमीटर तरंगलांबी 5890 अँगस्ट्रॉम होते, 58.9 नव्हे.

कॅलक्युलेटरवरील चूक अधिक फसवी असते. ‘ईएक्सपी’ या बटणातच ‘गुणिले दहाचा घात’ सामावलेला असतो, तरीही सवयीने 1.54, गुणिले, 10, ईएक्सपी, उणे 10 अशी बटणे दाबली जातात आणि लांबी 1.54 × 10⁻⁹ मीटर, म्हणजे दसपट येते. योग्य क्रम 1.54, ईएक्सपी, उणे 10 एवढाच आहे.

हस्ताक्षराकडेही लक्ष असू द्यावे. मायक्रोसाठीचे ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर घाईत इंग्रजी ‘एम’सारखे उमटले, की मायक्रोमीटरचा मिलिमीटर होतो आणि प्रयोगवहीतील नोंद हजारपट फुगते, शंका असेल तेथे एककाचे नाव अक्षरी लिहावे.