शॉर्ट फिल्मसाठी नवा शर्ट जुना कसा करायचा

जुन्या काळातला खलाशी दाखवायचाय आणि बजेट नाहीये, तरी मालवण-वेंगुर्ल्यात बसून काम होतं. पण आधी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (2022) हा पहिल्या महायुद्धावरचा सिनेमा बघा, निदान सुरुवात तरी बघाच. कपडे लिझी क्रिस्टल या जर्मन कॉस्च्युम डिझायनरचे, 'ॲनॉनिमस' या सिनेमासाठी ऑस्कर नॉमिनेशन मिळालेली बाई. मेलेल्या सैनिकाचा युनिफॉर्म धुतात, भोकं शिवतात आणि नव्या पोराच्या हातात देतात, आत आधीच्याच्या नावाची पट्टी तशीच! एका कपड्यात अख्खं युद्ध कळतं, मला तर तो सीन कितीही बघितला तरी कमीच वाटतो.

म्हणून आधी ठरवा, हा शर्ट कोणी घातला आणि काय काम करताना घातला. जाळं ओढणाऱ्याचा पोटाशी नि बाह्यांना झिजतो, ओझं वाहणाऱ्याचा खांद्यावर. सगळीकडे सारखा मळ फासला की कॅमेऱ्यात लगेच खोटं दिसतं.

शर्ट सुतीच घ्या, टेरिकॉटवर चहाचा रंग नीट चढत नाही. धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात धुवून खळ काढा, मग चहा पावडर कडक उकळून गाळा आणि शर्ट ओला करूनच त्यात बुडवा, हलवत राहा नाहीतर पट्टे पडतात. आधी चिंधीवर बघा. सुकला की आत फळी घालून कॉलर, कोपर, कफ पॉलिश पेपरने घासा, धागे दिसायला लागले की थांबा.

घामासाठी मिठाचं दाट पाणी पाठीवर नि काखेत मारून उन्हात टाका, गडद कपड्यावर पांढऱ्या रेघा मस्त उमटतात. डाग तर आपल्या परसातच आहेत, केळीचा चीक आणि काजूच्या बोंडूचा रस, पण दोन्ही जाता जात नाहीत तेव्हा थेंब थेंबच लावा. कच्च्या काजूबीच्या टरफलाला मात्र हात लावू नका, त्याच्या तेलाने कातडी भाजते. जांभ्याची लाल माती चाळून खालच्या काठालाच चोळा, चिखल पायाकडूनच वर उडतो ना.

हे सगळं पावसाआधी उरका, दमट हवेत कपडा सुकत नाही आणि बुरशी धरतो. एकाच वेळी दोन शर्ट करा, भिजायचा सीन असेल तर तीन, आणि प्रत्येक डागाचा फोटो काढून ठेवा म्हणजे दुसऱ्या दिवशी शूटला जुळवता येतं.