छोट्या सदनिकेसाठी मॉड्युलर किचनची कपाटे निवडताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्या घराचा ताबा मिळाला, की मॉड्युलर किचनची चौकशी सुरू होते आणि दुकानातील बोलणे बहुधा शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या, रंगापासूनच सुरू होते. वास्तविक कपाट किती वर्षे टिकेल हे शटर ठरवत नाही. ते आतला खोका, त्याच्या कडा आणि सिंकखालची जागा यांवर अवलंबून असते. म्हणून निवडीचा क्रम उलटा ठेवावा, म्हणजे आधी भिंत पाहावी, मग मापे घ्यावीत, त्यानंतर खोक्याचे साहित्य व चॅनेल (ट्रॉली ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) ठरवावेत आणि रंगाकडे सर्वांत शेवटी वळावे.

वन बीएचके सदनिकांत स्वयंपाकघराची एक भिंत अनेकदा बाथरूमला लागून असते. खाडीकाठची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे या भिंतीत ओल असेल तर ती आपोआप वाळत नाही, आणि एकदा कपाटे बसली की ती दिसतही नाही. इमारत नवी असेल तर स्थावर संपदा अधिनियम, 2016 च्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष विकासकाने विनाशुल्क आणि 30 दिवसांत दुरुस्त करायचा असतो. तेव्हा ओलीचे छायाचित्र काढून लेखी तक्रार द्यावी आणि दुरुस्ती झाल्यावरच सुताराला बोलवावे. भिंत कशाची आहे हेही याच वेळी विचारून घ्यावे. घोडबंदर रोडवरील किंवा खारघरमधील नव्या टॉवरमध्ये काही भिंती सलग काँक्रीटच्या, तर काही हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लग डब्यांनी भरलेल्या कपाटाचे वजन पेलत नाही, त्यासाठी वेगळे अँकर लागतात.

यानंतरचा मोठा निर्णय ओट्याचा. बिल्डरने दिलेला ग्रॅनाइटचा ओटा कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवर टेकलेला असेल आणि त्याची उंची सोयीची असेल, तर तो तोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिडकोच्या जुन्या घरांत आणि नौपाड्यातील जुन्या इमारतींत तर ओटा फोडताना टाइल्स, नळजोडणी आणि वॉटरप्रूफिंग असे तिन्हीही धोक्यात येते. कडप्पा पाण्याने फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. त्याच्यामध्ये ट्रॉल्या बसवून पुढे शटर लावले, तर अर्ध्या खोक्यांचा खर्च वाचतो. ओटा नव्याने करायचाच असेल, तर त्याची उंची घरात रोज पोळ्या लाटणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा साधारण चार इंच खाली ठेवावी.

मापांच्या बाबतीत लहान स्वयंपाकघर सर्वाधिक जागा गमावते ते कपाटांच्या संख्येमुळे. प्रत्येक खोक्याच्या दोन्ही बाजू 18 मिलिमीटर जाडीच्या असतात, म्हणजे 36 मिलिमीटर तिथेच गेले. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंच्या टेलिस्कोपिक चॅनेलसाठी आणखी सुमारे 26 मिलिमीटर सोडावे लागतात. त्यामुळे बाहेरून 450 मिलिमीटरचे कपाट आतल्या ट्रॉलीला जेमतेम 388 मिलिमीटर रुंदी देते. 2,700 मिलिमीटर, म्हणजे सुमारे नऊ फुटांच्या ओट्याखाली असे सहा खोके केले, तर 372 मिलिमीटर वाया जातात. 900 मिलिमीटरचे तीनच केले, तर 186. सात इंचांहून अधिक रुंदी केवळ विभागणी बदलून मिळते. अर्थात रुंद ट्रॉलीला जास्त भार सहन करणारे चॅनेल घ्यावे लागतात.

आराखडा पक्का करण्यापूर्वी आपली भांडी मोजावीत. सर्वांत मोठी परात, पाच लिटरचा कुकर, कढई, तांदळाचा व पिठाचा डबा आणि वर्षाच्या लोणच्याची बरणी यांची रुंदी व उंची एका कागदावर लिहून तो कागद डिझायनरपुढे ठेवावा. डबे उभे राहतात, म्हणून त्यांना उंच आणि साधा फळ्यांचा कप्पा पुरतो. ताटे, वाट्या व डाव-चमचे यांना मात्र ट्रॉली खरोखर उपयोगी पडते. ओट्याखाली सगळीकडे ट्रॉल्याच हव्यात, हा आग्रह मला खर्चिक वाटतो. एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्यात फिरत्या जाळ्यांची महागडी यंत्रणा बसवण्यापेक्षा गौरी-गणपतीला बाहेर निघणारी मोठी पातेली तिथे साध्या फळीवर ठेवावीत.

खोक्याच्या साहित्यात पार्टिकल बोर्ड सर्वांत स्वस्त असतो, पण पाणी लागले की तो फुगतो आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घनतेचा ओलावारोधक बोर्ड, त्याहून घट्ट असून वरच्या कपाटांना चालतो. तो ओलावा सहन करतो, मात्र पाण्यात टिकून राहत नाही. प्लायवूड घेताना भारतीय मानकाचा (आयएस) शिक्का पाहावा: आयएस 303 मध्ये एमआर (ओलावारोधक) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही तग धरणारा) असे प्रकार येतात, त्यांपैकी एमआर म्हणजे बाजारातला कमर्शियल प्लाय, तो ओट्याखाली नको. आयएस 710 हे मरीन प्लायचे मानक आहे. संपूर्ण किचनला मरीन प्लाय वापरण्याची गरज नाही, पण सिंकखालचा खोका त्याचाच किंवा डब्ल्यूपीसीचा (लाकूड व प्लास्टिकच्या मिश्र बोर्डाचा) करावा, त्यात ट्रॉली न बसवता पाइप आणि वॉटर प्युरिफायरची नळी हाताला येईल इतकी जागा मोकळी ठेवावी. पाणी पृष्ठभागातून कमी आणि कापलेल्या कडेतून जास्त शिरते, म्हणून पाठीमागची व तळाची कडही एज बँडिंगने (कडेवर चिकटवलेल्या पट्टीने) बंद केली आहे ना, हे खोका भिंतीला लागण्याआधी उलटा करून पाहावे. खोके जमिनीवर न टेकवता सुमारे 100 मिलिमीटर उंचीच्या पायांवर उभे करावेत आणि पुढची स्कर्टिंग काढता येण्याजोगी घ्यावी, म्हणजे फरशी धुता येते आणि झुरळांचा बंदोबस्तही करता येतो.

गॅसबाबत तडजोड नसावी. ठाणे आणि नवी मुंबईत महानगर गॅसची जोडणी असलेल्या घरांत मीटर आणि व्हॉल्व्ह कपाटाच्या बंद पाठीमागे जाता कामा नयेत, आणि पाइप हलवायचा असल्यास सुताराने त्याला हात न लावता ते काम कंपनीकडूनच करून घ्यावे. पाइपमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, त्यामुळे तो पाइप ज्या कपाटातून जातो त्याला वरच्या भागात जाळी हवी. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला जाळी तळाशी लागते. दुकानातील तयार नमुन्यात हा फरक पाळलेला असेलच असे नाही.

ट्रॉलीच्या तारेसाठी 304 दर्जाचे स्टेनलेस स्टील मागावे; स्वस्त 202 मध्ये निकेल कमी असते आणि खाऱ्या दमट हवेत त्यावर लवकर डाग पडतात. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती येथे फसवी आहे, कारण साधारणपणे दोन्ही प्रकार चुंबकाला चिकटत नाहीत. म्हणून दर्जा बिलावर लिहून घेणे हाच मार्ग. सॉफ्ट क्लोज चॅनेल रोज उघडणाऱ्या दोन-तीन ट्रॉल्यांना लावले तरी पुरते.

वरची कपाटे 12 ते 14 इंचांहून खोल करू नयेत, अन्यथा ओट्यावर वाकताना कपाळ आपटते. शटरसाठी चांगले लॅमिनेट पुरेसे आहे. मेम्ब्रेनचा पातळ थर शेगडीच्या उष्णतेने कडेला सुटू शकतो आणि अॅक्रिलिकवर तेलकट बोटांचे ठसे व ओरखडे लगेच दिसतात.

दरपत्रक बहुधा समोरच्या क्षेत्रफळाच्या चौरस फुटावर दिले जाते, त्यामुळे दोन दुकानांचे दर सारखे दिसले तरी एकात ट्रॉल्या, हँडल, माळ्याची शटरे व जीएसटी धरलेला असतो आणि दुसऱ्यात नसतो. प्रत्येक खोक्याचे माप, बोर्डाचा दर्जा आणि हार्डवेअरचे नाव असलेले सविस्तर दरपत्रक मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. कामाची वेळ आणि अनामत रक्कम यांबाबत सोसायटीचे नियम आधी पाहून घ्यावेत. शेवटचा हप्ता मात्र सगळ्या ट्रॉल्या भांड्यांनी भरून ओढून पाहिल्यावर आणि सिंकमध्ये काठोकाठ पाणी साठवून ते एकदम सोडल्यावर खालचा खोका कोरडा राहिला, तरच द्यावा.