समुद्रापारच्या विमानप्रवासाचा हिशेब करताना या चुका टाळा

लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरून भागलं की येतात ६ तास १० मिनिटं. मग तिकिटावर ८ तास कसे? कारण अंतर जाता-येता सारखंच असलं, तरी वेळ सारखी नसते.

९०० हा वेग विमानाचा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला, जमिनीच्या नव्हे. उत्तर अटलांटिकवर उंचावरचे जेट वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. न्यूयॉर्कला जाताना समोरून सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० उरतो, म्हणजे ६ तास ५६ मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी आला की ५ तास ३३ मिनिटं. दोन्हीत पाऊण ते एक तास मिळवा, कारण तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढाई आणि उतरणंही आलं. एका बाजूची वेळ दुप्पट करून परतीचा बेत कधीही आखू नका.

घड्याळांची नुसती वजाबाकी ही सगळ्यात महागात पडणारी चूक. न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ ला निघून लंडनला सकाळी ७ ला पोहोचलात, तर प्रवास १२ तासांचा नाही, ७ तासांचा. ५ तास घड्याळातल्या फरकाचे. आधी दोन्ही वेळा यूटीसीत (जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत) आणा, मग वजा करा. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी ११ ला उतरू शकतं. यूटीसीत ते ८ ते १८, म्हणजे सरळ १० तास. मार्चमध्ये विशेष जपा: अमेरिका घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या काळात न्यूयॉर्क आणि लंडनमधला फरक ५ नव्हे, ४ तासांचा असतो.

एककंही तपासा. ५,५५० किमी म्हणजे ३,४५० मैल, पण नॉटिकल मैल फक्त ३,००० (एक नॉटिकल मैल १.८५२ किमी). ते ३,००० साधे मैल समजलात की सातशेहून जास्त किलोमीटर गायब.

अंतर स्वतः काढत असाल तर सपाट नकाशावरची सरळ रेषा धरू नका. याच मार्गावर ती अडीचशेएक किलोमीटर जास्त दाखवते. हॅवरसाइन सूत्र (अक्षांश-रेखांशांवरून गोल पृथ्वीवरचं अंतर काढणारं) वापरा, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी घ्या आणि अंश रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) बदलायला विसरू नका. पश्चिम रेखांश उणे लिहा. उणे विसरण्याची चूक लंडनच्या उदाहरणात लपून राहते: न्यूयॉर्कचे उणे ७४ अधिक लिहिले तर बिंदू किर्गिझस्तानात पडतो, पण लंडन शून्य रेखांशाजवळ असल्यामुळे अंतर जवळपास तेच येतं! म्हणून सूत्र टोकियो–लॉस एंजेलिसवर तपासा. उत्तर ८,८०० किमीच्या आसपास हवं. २,००० च्या जवळ आलं, तर उणे चिन्ह राहिलंय.