विदर्भाचं पोकेमॉन रिजन बनवताय? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की दोन-तीन पोरं वही घेऊन घरी येतातच, भाऊ आमचं रिजन पहा ना. रिजन म्हणजे पोकेमॉन खेळातला मनानं रचलेला प्रदेश, त्यातल्या प्राण्यांसकट. पहिल्या पानावर वाघ. आगीचा वाघ, विजेचा वाघ, ताडोब्यातला भुताचा वाघ. मी म्हणतो, राजा, साळुंकी कुठाय? खार कुठाय? पोकेमॉनचं पहिलं रिजन कांटो, त्याच्या पहिल्याच रस्त्यावर, रूट १ वर, भेटतं कोण, तर पिजी अन् रटाटा, एक साधं पाखरू अन् एक उंदीर. आपल्याकडं तर पावसाळ्यात अळ्या सागाच्या पानांची पार जाळी करतात, एवढा आयता बग टाइप (टाइप म्हणजे पोकेमॉनची जात: आग, बर्फ, किडा वगैरे) समोर असून कोणी काढत नाही.

लेजेंडरी, म्हणजे दुर्मिळ अन् महाताकदवान पोकेमॉन, आधी काढणं ही माझ्या डोक्यात जाणारी एक नंबरची चूक. आणि ती मीच केलीय. काटोल-नरखेडच्या संत्र्यांवरून मी नारिंगासुर काढला होता, ग्रास अन् ड्रॅगन टाइप, बेस स्टॅट्सची (ताकद, बचाव, वेग वगैरेच्या आकड्यांची) बेरीज थेट ७२०, म्हणजे आर्सियस या देव-पोकेमॉनएवढी. (ड्रॅगोनाइटसारखा तगडा ड्रॅगन बिचारा ६०० वर थांबतो, पण आपल्याला कुठं थांबायचं असतं.) फुटाळा तलावावर संध्याकाळी कागदाची कार्डं घेऊन बसलो, समोर बारा वर्षांचा भाचा. त्यानं काढला गारगोट, म्हणजे गारेचा गोळा अन् त्याला दोन डोळे, आइस टाइप, बेरीज ३००. आता ग्रासला बर्फाचा मार दुप्पट, ड्रॅगनलाही दुप्पट, मिळून चौपट, हे मी आठ दिवस स्टॅट्स लिहिताना एकदाही पाहिलं नव्हतं. दोन फटक्यांत नारिंगासुर आडवा. वरून भाचा म्हणतो, मामा, आबांच्या बागेचंपण असंच झालतं ना? झालं होतंच. मार्चच्या गारपिटीत तोडणीला आलेला संत्र्याचा मृग बहार (पावसाळ्यातल्या फुलांचा) अन् नुकता धरलेला आंबिया (हिवाळ्यातल्या फुलांचा), दोन्ही तासाभरात मातीत. नारिंगासुराचं कार्ड फाडलं, गारगोट अजून आहे.

तेव्हापासून मी कार्डाच्या मागं आधी लिहितो, हा कशाला घाबरतो. ताकद नंतर. स्लेकिंग हा आळशी पोकेमॉन पहा, बेरीज ६७०, पण एक पाळी हाणतो अन् एक पाळी नुसता लोळतो, म्हणून तर तो लक्षात राहतो.

नवीन टाइप बनवू नका. १८ आहेत, एकोणिसावा आणला की कोणता टाइप कोणाला भारी पडतो त्या तक्त्यात ३७ नवीन खाने भरावे लागतात, आणि ते भरलेला माणूस मी आजवर पाहिला नाही.

दुसरी चूक जरा किचकट आहे, पण मला तिचाही तेवढाच राग येतो. प्राणी बनवायचा अन् त्यानं गावात काय बदललं हे पहायचंच नाही. एकाच्या वहीत घरोघरी आइस टाइपचं पिल्लू होतं, आणि त्याच वहीत मे महिन्यात ४६ डिग्रीत लोकं कूलरमध्ये पाणी भरत होते. कायले बाप्पा? पिल्लू आहे ना घरात! मग वाळ्याच्या ताट्या विकणारा काय विकतो, दुपारी पिल्लू मलूल झालं तर शेजारी भांडायला येतात का, भाड्यानं पिल्लू देणारा एखादा तरी असेलच ना. तसंच इलेक्ट्रिक टाइप फुकट वीज देत असेल तर कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतून धूर कशाचा निघतोय? एकतर चिमण्या काढा नाहीतर कारण द्या. पोरगा म्हणाला, भाऊ एवढा विचार कोण करते. तूच करशील बे, रिजन तुझं आहे ना.

एआयकडून शंभर प्राणी काढून आणणाऱ्यांना मी चहा पाजतो अन् घरी पाठवतो.

आठही जिम (जिथं ट्रेनर, म्हणजे पोकेमॉन पाळणारा खेळाडू, लढायला जातो) नागपुरातल्या सीताबर्डीच्या आसपास ठेवू नका, ट्रेनरला ऑटोनं जायचं नाहीये. मारबतीला (नागपुरात मिरवणूक काढून जाळतात त्या पुतळ्याला) व्हिलन करायचं असेल तर आधी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गर्दीत जाऊन 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ऐकून या, ती आपल्या घरातलं दुखणं घेऊन जाते.

नावं ठेवताना अग्निव्याघ्रेश्वर वगैरे नको, हाक मारेपर्यंत लढाई संपते. एकान्स या साप-पोकेमॉनचं नाव म्हणजे इंग्रजी स्नेक उलटा, बास, एवढंच. आपला साप उलटा केला की पसा होतो, ओंजळीत मावणारा. त्याचं इव्होल्यूशन, म्हणजे पुढचं मोठं रूप, नाग म्हणून गना करून पाहिलं, पण भाच्याला गल्लीतले गणाकाका आठवतात अन् तो हसत सुटतो, म्हणून ते कार्ड सध्या नावाशिवायच पडून आहे.