रीडमी लिहिताना मी शेजारी गप्प बसलो

शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांसाठी जागा आरक्षित करायचं ॲप बनवलं होतं. जँगो (पायथनमध्ये वेब ॲप बनवायची चौकट) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) वापरून. माझ्या लॅपटॉपवर झकास चालायचं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले, "लॅबच्या मशीनवर चालवून दाखवा." पाऊण तास झटापट केली, पण चाललं नाही. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा छापील अहवाल, जाडजूड होतं. उद्दिष्टं, आकृत्या, सगळं त्यात होतं. प्रोजेक्ट सुरू कसा करायचा, तेवढं नव्हतं.

ते मनाला फार लागलं. निकालानंतर मी रीडमी, म्हणजे प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणारी फाइल, नव्याने लिहिली आणि एका ज्युनिअरला कर्वेनगरच्या रूमवर बोलावलं. "तू फक्त वाचून चालव. मी एक शब्द बोलणार नाही."

तो पहिल्याच पायरीला अडला. मी लिहिलं होतं, 'लागणारी पॅकेजेस इन्स्टॉल करा.' त्याच्या उबुंटूवर मायएसक्यूएल-क्लायंट, म्हणजे पायथनला मायएसक्यूएलशी जोडणारं पॅकेज, बिल्डच होईना, कारण त्याला लागणाऱ्या हेडर फाइल्स आधी सिस्टिमवर टाकाव्या लागतात. मी त्या कधीतरी टाकल्या होत्या आणि विसरलो होतो. पुढे 'डेटाबेस जोडा' या ओळीवर एरर १०४५, म्हणजे ॲक्सेस नाकारला. पासवर्ड माझ्या डॉट ईएनव्ही फाइलमध्ये, म्हणजे गुप्त सेटिंग्जच्या फाइलमध्ये, होता. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या कोडच्या साठ्यात, टाकायची नसते, हे बरोबरच. पण तिचा रिकामा नमुना तरी मी द्यायला हवा होता, प्रत्येक ओळीत काय भरायचं ते सांगून. मला सारखं वाटायचं, पटकन सांगून टाकावं. नाही सांगितलं. तो जिथे जिथे थांबला ते वहीत टिपत गेलो. अकरा जागा निघाल्या, आणि त्या अकरा जागांतूनच खरी रीडमी तयार झाली.

तेव्हापासून मी कमांड पूर्ण लिहितो, पायथनची आवृत्ती आकड्यासकट देतो आणि प्रत्येक पायरीखाली स्क्रीनवर काय दिसायला हवं तेही लिहितो. 'सर्व्हर सुरू करा' एवढं पुरत नाही. '८००० पोर्टवर लॉगिनचं पान उघडेल' असं लिहिलं की वाचणाऱ्याला आपण बरोबर चाललोय हे कळतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक आवर्जून सांगतो. डॉक्युमेंटेशन म्हणजे भारी इंग्रजी, ही भीती मलाही होती. आधी ज्युनिअरला समजावतो तसं मराठीत लिहून काढा, मग साध्या इंग्रजीत आणा. वाक्यं आपोआप छोटी होतात.

आणि कोड काय करतो यापेक्षा तसा का लिहिला, हे जास्त जपून लिहा. आमच्या डेटाबेसमधल्या आरक्षणांच्या टेबलवर जागा, तारीख आणि वेळ या तिन्हींवर मिळून एक युनिक कन्स्ट्रेंट होता, म्हणजे तेच तिन्ही असलेली दुसरी नोंद होऊ न देणारा नियम. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर कोडमधली तपासणी दोघांनाही 'जागा रिकामी आहे' असं सांगू शकते. दुसऱ्याची नोंद डेटाबेसच अडवतो. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. पुढच्या बॅचच्या मुलीला वाटलं, तपासणी कोडमध्ये आहेच, मग हे दोनदा कशाला? तिने कन्स्ट्रेंट काढला आणि चाचणीत एकाच खुर्चीवर दोन नावं आली. चूक तिची नव्हती. त्या संध्याकाळी मी मॉडेलच्या फाइलमध्ये त्या ओळीवर दोन वाक्यांची कॉमेंट लिहिली आणि तिलाच वाचायला दिली.