पेन्शनमधून नेमके किती पैसे कापले जातात आणि सल्ल्याचे किती द्यावेत

पेन्शन योजनेचा खर्च कुणी तुमच्या हातून मोजून घेत नाही. कधी तो एनएव्हीतून, म्हणजे एका युनिटच्या किमतीतून, रोज थोडा थोडा वजा होतो, कधी खात्यातली युनिट कमी होतात, तर कधी तो ॲन्युइटीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या आयुष्यभराच्या पेन्शनच्या, दरातच मुरलेला असतो. म्हणून पहिलं काम एकच: कागदावर टक्का दिसला की त्याचे रुपये करायचे.

समजा, तुम्ही दरमहा १०,००० रुपये २५ वर्षं भरता आणि खर्चाआधीचा परतावा वर्षाला १० टक्के आहे (हा दर गणितापुरता). तुमचा भरणा होतो ३० लाख. खर्च शून्य असेल, तर हाती सुमारे १ कोटी ३२ लाख ७० हजार येतील. वर्षाला ०.१ टक्का खर्च असेल तर १ कोटी ३० लाख ४० हजार, १ टक्का असेल तर १ कोटी १२ लाख, आणि सव्वादोन टक्के असेल तर ९१ लाख ३० हजार. सव्वादोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्यांनी ४१ लाख नेले, तुम्ही पंचवीस वर्षांत भरलेल्या मुद्दलापेक्षाही जास्त. कारण हा खर्च यंदाच्या हप्त्यावर नसतो. तोपर्यंत साठलेल्या सगळ्या रकमेवर तो दरवर्षी लागतो, आणि कापलेल्या पैशावर पुढे मिळणारं व्याजही बुडतं. स्वतःचे आकडे घालून पाहायचे असतील तर एक्सेलमधलं एफव्ही सूत्र पुरतं: वार्षिक दर भागिले १२, एकूण महिने आणि मासिक हप्ता. एकदा पूर्ण दराने काढा, एकदा खर्च वजा करून. दोन उत्तरांतला फरक हीच त्या योजनेची किंमत.

एनपीएस: स्वस्त आहे, पण हप्ता कसा भरता याला महत्त्व आहे

एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, खर्च तीन ठिकाणी असतो. पेन्शन फंडाची व्यवस्थापन फी नेहमीच्या योजनांत ०.१ टक्क्याच्या आसपास असते आणि ती एनएव्हीतच धरलेली असते. ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या मल्टिपल स्कीम फ्रेमवर्कमधल्या (एकाच वेळी अनेक योजना निवडण्याची सोय) योजनांना मात्र ०.३० टक्क्यापर्यंत फी घेण्याची मुभा आहे. तेव्हा नव्या योजनेचं नाव आकर्षक वाटलं तरी आधी हा आकडा विचारा.

दुसरा खर्च खात्याचा हिशेब ठेवणाऱ्या सीआरएचा. तोही ऑक्टोबर २०२५ पासून शिलकीप्रमाणे ठरतो: बिगरसरकारी खात्यात २ लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये, १० लाखांपर्यंत १५०, २५ लाखांपर्यंत ३००, ५० लाखांपर्यंत ४०० आणि त्यापुढे ५००. हे पैसे युनिट विकून वसूल होतात. सीआरएच्या लॉगिनमधून व्यवहारांचं स्टेटमेंट उतरवा आणि ‘बिलिंग’ अशी नोंद असलेल्या ओळी शोधा. किती रुपये आणि किती युनिट गेली, ते तिथे लिहिलेलं असतं.

बहुतेकांची चूक होते ती तिसऱ्या ठिकाणी, बँक किंवा दलालामार्फत, म्हणजे पॉइंट ऑफ प्रेझेन्समार्फत भरताना. तिथे हप्त्यावर कमाल ०.५० टक्का शुल्क आहे, पण ते किमान ३० रुपये असतं. ऑनलाइन ई-एनपीएसवर ०.२० टक्का, किमान १५ रुपये. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. आता दरमहा १,००० रुपये बँकेमार्फत भरणाऱ्याचं गणित करा. अर्धा टक्का म्हणजे ५ रुपये, पण किमान शुल्कामुळे ३० कापले जातात. वर्षाला १२,००० वर ३६० रुपये, म्हणजे ३ टक्के. तेच १२,००० वर्षातून एकदाच भरले तर ६० रुपये, आणि ऑनलाइन भरले तर २४. बँकेत ६,००० पेक्षा लहान आणि ई-एनपीएसवर ७,५०० पेक्षा लहान हप्ता असेल, तर किमान शुल्काचा फटका बसतो. हप्ता लहान असेल तर तिमाहीला किंवा सहामाहीला एकत्र भरा. नोकरदाराच्या पगारातून कंपनी भरत असेल तर हे शुल्क कोण सोसतं, ते एचआरला विचारून घ्या.

ईपीएफबद्दल, म्हणजे नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीबद्दल, थोडक्यात: वेतनाच्या ०.५० टक्का प्रशासन शुल्क मालक वेगळं भरतो, तुमच्या शिलकीतून ते जात नाही.

विमा कंपन्यांच्या पेन्शन योजना

युलिप प्रकारच्या (बाजाराशी जोडलेल्या विमा) पेन्शन योजनेत खर्चाची नावं अनेक असतात: हप्ता वाटप शुल्क, पॉलिसी प्रशासन शुल्क, निधी व्यवस्थापन शुल्क, विमा संरक्षणाचं शुल्क, मध्येच थांबल्याचं शुल्क. नावांच्या मागे लागू नका. पॉलिसीसोबत मिळणाऱ्या लाभ-तक्त्यात ४ आणि ८ टक्क्यांची उदाहरणं असतात. ८ टक्क्यांच्या उदाहरणात खर्च वजा जाता निव्वळ परतावा किती, तो आकडा छापलेला असतो. समजा तो ६.२ आहे, तर १.८ टक्के खर्च झाला. मात्र या आकड्यात विमा संरक्षणाचं शुल्क धरलेलं नसतं, ते वेगळं मिळवा. फक्त निधी व्यवस्थापन शुल्क दाखवून ‘आमचा खर्च सव्वा टक्काच’ असं कुणी म्हणालं, तर हाच तक्ता पुढे करा.

पारंपरिक योजनांत खर्च दाखवतच नाहीत. तिथे परतावा स्वतः काढावा लागतो. एक्सेलच्या एका रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात रकमा लिहा: हप्ते उणे, मिळणारे पैसे अधिक. मग एक्सआयआरआर सूत्र लावा. वर्षाला १ लाख असे १५ हप्ते आणि विसाव्या वर्षाअखेर ३० लाख, अशी योजना ‘पैसे दुप्पट’ म्हणून सांगितली जाते. सूत्र सांगतं की परतावा साधारण ५.३ टक्के पडतो. सही करण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करा. सही झाली असेल, तर पॉलिसीची कागदपत्रं हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण नंतर सरेंडर करताना सुरुवातीच्या वर्षांत मोठी तूट सोसावी लागते.

‘फुकट’ सल्ल्याची किंमत

म्युच्युअल फंडात १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे डायरेक्ट आणि रेग्युलर असे दोन प्रकार आहेत. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन खर्चात धरलेलं असतं. दोन्हींच्या खर्चात ०.८ टक्क्याचा फरक असेल, तर ३० लाखांच्या शिलकीवर तो वर्षाला २४,००० रुपये होतो, आणि शिल्लक वाढेल तसा वाढतो. वितरकाला प्रत्यक्ष किती मिळाले ते सहामाही एकत्रित खातेउताऱ्यात, म्हणजे कॅसमध्ये, रुपयांत छापलेलं असतं. तो उतारा ईमेलवर येतो आणि न उघडता पडून राहतो. तो उघडा. वितरक वर्षातून दोनदा भेटतो, कागदपत्रं सांभाळतो, बाजार पडल्यावर घाबरून विकण्यापासून थोपवतो, तर ते पैसे सार्थकी लागले असंही तुम्ही म्हणू शकता. पण आकडा माहीत असायला हवा.

रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे विक्री आणि नवी खरेदी. त्यावर करही लागतो, आणि वर्ष झालं नसेल तर बहुतेक इक्विटी योजनांत एक्झिट लोडही, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्क. त्यामुळे एसआयपी आजपासून डायरेक्टमध्ये वळवा आणि जुनी युनिट टप्प्याटप्प्याने काढा. इक्विटीतला दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे. त्या मर्यादेत दर आर्थिक वर्षी थोडं थोडं हलवलं तर कर टळतो.

ॲन्युइटी घेताना

निवृत्तीच्या वेळी आयुष्यभराची पेन्शन विकत घेताना कमिशन वेगळं दिसत नाही, ते दरातच असतं. म्हणून दरांचीच तुलना करा: एकाच दिवशी, एकाच रकमेसाठी, एकाच पर्यायाचे किमान तीन कंपन्यांचे आकडे. एकीचा ‘खरेदी किंमत वारसाला परत’ आणि दुसरीचा ‘फक्त हयातभर’ असे आकडे शेजारी ठेवले तर तुलना फसते. १० लाखांवर महिन्याला २०० रुपयांचा फरक २० वर्षांत ४८,००० होतो, आणि एकदा घेतलेली ॲन्युइटी सहसा बदलता येत नाही. डिसेंबर २०२५ च्या बदलानंतर एनपीएसच्या बिगरसरकारी खातेदाराला १२ लाखांवरच्या शिलकीतून किमान २० टक्क्यांचीच ॲन्युइटी बंधनकारक आहे. पूर्वीचे ४० टक्के गृहीत धरून कुणी फॉर्म भरून देत असेल तर थांबवा.

फी देऊन सल्ला घ्यायचा असेल तर

सेबीकडे, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, म्युच्युअल फंड वितरकाचा ‘एआरएन’ने. सल्लागाराचा क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा, व्हिजिटिंग कार्डावरच्या ‘वेल्थ ॲडव्हायझर’वर विसंबू नका. नोंदणीकृत सल्लागाराला तुमच्याकडून फी घेऊन त्याच पैशावर कमिशनही खाता येत नाही.

फीचे दोन प्रकार आहेत. ठरावीक फी: एका कुटुंबासाठी वर्षाला कमाल १,५१,००० रुपये. किंवा सल्ल्याखालच्या मालमत्तेच्या प्रमाणात: वर्षाला कमाल २.५ टक्के. या मर्यादा आहेत, दर नव्हेत, त्यामुळे घासाघीस करायला संकोच नको. ठरावीक २५,००० रुपये फी १० लाखांच्या शिलकीवर अडीच टक्के पडते, ५० लाखांवर अर्धा टक्का. म्हणून शिल्लक लहान असेल तेव्हा वर्षभराचा करार टाळा आणि एकदाच आराखडा करून घ्या. शिल्लक मोठी असेल तर टक्केवारी टाळा: ८० लाखांवर १ टक्का म्हणजे दरवर्षी ८०,०००, काम तेवढंच असलं तरी.

पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या, रोख कधीच नाही. फी आगाऊ मागितली तर एका वर्षाच्या वर देऊ नका. करारात फीचा प्रकार, रक्कम, जीएसटी, वर्षात किती बैठका आणि सल्ला लेखी मिळणार का, हे नोंदवलेलं पाहा. करार मध्येच मोडला तर उरलेल्या काळाची फी परत मिळते, आणि त्यातून सल्लागाराला जास्तीत जास्त एका तिमाहीची फी कापून घेता येते.