पेटी, चौकटीचा कागद आणि काही जुनी चित्रं: हार्मोनचे आजार असे शिकवा

मी सोलापुरात मेडिसिन शिकवते आणि दर गुरुवारी गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवते. ही दोन कामं एकमेकांना भेटली ती अंतःस्रावी ग्रंथींच्या लेक्चरमुळे. कुशिंग, म्हणजे कॉर्टिसॉल हार्मोन जास्त झाल्याने होणारा आजार, म्हटलं की मुलं गोल चेहरा, जांभळे वळ, मानेमागची चरबी असं सगळं घडाघडा म्हणतात. तोच रुग्ण ओपीडीत समोर येऊन बसला की मात्र "मॅडम, पेशंट जरा जाड आहेत," एवढंच. पाठांतर पक्कं आहे, नजर तयार नाही. त्यासाठी मी वर्गात जे करते ते इथे लिहितेय. कुणा शिक्षकाला उपयोगी पडलं तर उचला.

चित्रांपासून सुरुवात करा, पण एक नियम पाळा: पहिली दहा मिनिटं आजाराचं नाव कुणी घ्यायचं नाही. जो घेईल त्याने फळा पुसायचा. फक्त दिसतं ते सांगायचं, आणि "कशावरून?" या प्रश्नाला चित्रावर बोट ठेवून उत्तर द्यायचं.

माझ्या हाती लागलेलं सगळ्यात कामाचं चित्र म्हणजे वेलाझकेझचं 'लास मेनिनास', साल 1656. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, नेटवर मोठ्या आकारात मिळतं. मधली राजकन्या कागदाने झाका आणि उजव्या कोपऱ्यातल्या दोघांकडेच बघायला लावा. मारिबार्बोला आणि निकोलासितो, दोघंही बुटके. आता पडद्यावर पट्टी लावून डोकं, धड, पाय मोजायला सांगा. मारिबार्बोलाचं डोकं मोठं आणि हातपाय धडाच्या मानाने आखूड. हा अकॉन्ड्रोप्लेझिया, हाडांच्या वाढीतला जनुकीय दोष, हार्मोनशी याचा संबंध नाही. कुत्र्यावर पाय ठेवून उभा असलेला निकोलासितो मात्र प्रमाणबद्ध, जणू लहान मूलच. त्याला वाढीच्या हार्मोनची कमतरता असावी, असं मत डॉक्टरांनी मांडलेलं आहे. उंची कमी दिसली की आधी प्रमाण बघायचं, हे एकदा पट्टीने मोजलेलं मूल सहसा विसरत नाही.

दुसरं चित्र रिबेराचं, 1631 मधलं. मॅग्डालेना व्हेंतुरा ही दाढीवाली बाई, छातीशी तान्हं बाळ. मुलं हसतील. हसू द्या, दोन मिनिटांत थांबतात. मग चित्रातल्या दगडावरचा मजकूर सांगा: बाई बावन्न वर्षांची आहे आणि तिला दाढी येऊ लागली सदतिसाव्या वर्षी. चित्रकाराने हिस्ट्रीच लिहून ठेवली आहे! आता विचारा, सोळाव्या वर्षापासून हळूहळू वाढलेली लव आणि सदतिसाव्या वर्षी उगवलेली दाढी यांत तुम्ही काय वेगळं शोधाल? पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा नेहमीचा हार्मोन-विकार, पहिल्या प्रकारात बसतो. दुसऱ्यात अंडाशयाची किंवा अॅड्रिनलची (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची) गाठ आधी मनात यायला हवी, विशेषतः आवाजही घोगरा होत चालला असेल तर.

मोनालिसा वादासाठी ठेवा. तिला हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड हार्मोनची कमतरता होती, असं 2018 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं गेलं: पिवळट त्वचा, विरळ केस, नसलेल्या भुवया, गळ्याशी फुगवटा. अर्ध्या वर्गाने बाजू मांडायची, अर्ध्याने खोडायची. खोडणाऱ्यांना दारूगोळा भरपूर आहे: पाचशे वर्षांचं वार्निश पिवळं पडणारच, आणि आजार खरंच तीव्र असता तर त्या सुमारास ती बाळंत झाली कशी? कुणी हुशार असेल तर "बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस" (थायरॉइडची सूज) म्हणतो आणि वाद पुन्हा पेटतो. निकाल देऊ नका.

काही चित्रं मी मुद्दाम वगळते. लठ्ठ मुलीला दरबारात 'राक्षसीण' म्हणून रंगवलेलं एक चित्र आहे, ते दाखवत नाही. वर्गातच कुणाचं वजन जास्त असतं, कुणाच्या हनुवटीवर केस असतात. मागच्या बाकावर मान खाली गेली तर तुमचा तास वाया गेलाच, वर त्या मुलीचा आठवडाही.

अॅक्रोमेगाली म्हणजे मोठेपणी वाढीचा हार्मोन जास्त होऊन चेहरा, हात, पाय मोठे होत जाणं. त्यासाठी युरोपात जायची गरजच नाही. सोलापुरात कितीतरी घरांत गड्ड्याच्या जत्रेत काढलेले फोटो असतात, लग्नाचा अल्बम तर असतोच. रुग्णाची लेखी परवानगी घेऊन असे पाच-सहा फोटो वर्षांच्या क्रमाने मांडा आणि मुलांना पेन्सिलीने फक्त तीन रेषा काढायला लावा: भुवईचं हाड, नाक, जबडा. हा बदल इतका सावकाश होतो की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. चपलेचा नंबर कधी वाढला आणि अंगठी कधीपासून घट्ट होतेय, हे प्रश्न मुलं मग आपणहून विचारतात. फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार नाहीत, हे आधीच बजावा.

आता पेटी काढा. चित्रात शरीर दिसतं, पण हार्मोनची वेळ दिसत नाही, ती ऐकावीच लागते.

कॉर्टिसॉल या अॅड्रिनलच्या हार्मोनसाठी चौकटीचा कागद वाटा. चादरीच्या जॅकार्ड डिझाइनला वापरतात तसला चालेल. माग असलेल्या घरातली मुलं तो बघताच ओळखतात. आडवे चोवीस रकाने म्हणजे चोवीस तास. मध्यरात्री पातळी तळाशी, तीनच्या सुमारास चढायला लागते, सकाळी सहा ते आठच्या दरम्यान शिखर, मग दिवसभर उतार. चौकटी भरून झाल्या की तोच आलेख पेटीवर वाजवा: मध्यरात्री मध्य सा, पहाटे आरोह, आठला तार सा, नंतर सावकाश अवरोह. मग कुशिंग वाजवा. सकाळचा सूर जवळपास तोच, पण रात्र झाली तरी खाली उतरतच नाही. अॅडिसनमध्ये, म्हणजे कॉर्टिसॉल कमी पडणाऱ्या आजारात, पहाट होते आणि सूर वर जातच नाही. कुशिंगसाठी रात्री उशिराची लाळ का तपासायची आणि अॅडिसनसाठी सकाळी आठचं रक्त का घ्यायचं, हे यानंतर समजावून सांगावं लागत नाही. एका मुलाने विचारलं होतं, "आमचे बाबा यंत्रमागावर रातपाळी करतात, त्यांचं काय?" प्रश्न अगदी बरोबर. रातपाळीवाल्यांचं घड्याळच सरकलेलं असतं, त्यामुळे त्यांच्यात रात्रीच्या लाळेच्या तपासणीवर विसंबू नये.

जीएनआरएच म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने पिट्युटरी ग्रंथीला पाठवलेला हार्मोन-निरोप. त्यासाठी पेटीही नको, बाक पुरे. एक विद्यार्थी हायपोथॅलॅमस, एक पिट्युटरी. पिट्युटरीच्या हातात चार चिठ्ठ्या द्या, हे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा. बाकावर थाप पडली की एक चिठ्ठी खाली ठेवायची आणि टाळी वाजवायची. मधल्या शांततेत चिठ्ठी परत उचलायची. थाप सम धरून, अंतर ठेवून पडत राहिली तर टाळ्या चालूच राहतात. मग हायपोथॅलॅमसला सांगा, न थांबता बडव. सुरुवातीला टाळ्यांचा कडकडाट होतो, चिठ्ठ्या संपतात आणि पिट्युटरी गप्प. ल्युप्रोलाइड या जीएनआरएचसारख्या औषधाचं इंजेक्शन नेमकं हेच करतं. म्हणून सुरुवातीला हार्मोन उसळतात आणि मग दबतात. अकाली वयात आलेल्या मुलांना आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात ते देतात ते यासाठीच. शास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांनी माकडांवर हे दाखवलं होतं: तासाला एक थाप दिली तर एलएच-एफएसएच (अंडाशय-वृषणांना चालवणारे पिट्युटरीचे हार्मोन) सुरू, सलग दिलं तर बंद. हे शेवटी सांगा, आधी नको. वेळ उरला तर लय वाढवून दाखवा: जलद थापांनी एलएच वाढतो, संथ थापांनी एफएसएच. पीसीओएसमध्ये लय सतत चढीच असते.

लहानपणी वृषणं काढलेला इटालियन गायक अलेस्सांद्रो मोरेस्की याचं 1902 आणि 1904 चं ध्वनिमुद्रण नेटवर आहे. काही न सांगता लावा आणि गाणाऱ्याचं वय, लिंग विचारा. चाळिशीतला पुरुष आहे म्हटल्यावर वर्ग गप्प होतो. वयात येण्याआधी वृषणं गेली की स्वरयंत्र वाढत नाही, आणि हाडांची टोकं उशिरा जुळत असल्याने हातपाय लांब राहतात. इथे टेप काढून मुलांना एकमेकांची उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी मोजायला लावा.

अमुक राग ऐकून थायरॉइड बरा होतो वगैरे फॉरवर्ड कुणी वाचायला घेतलं, तर तिथेच थांबवा.

एका तासात एकच प्रयोग घ्या, दोन घेतले की गोंधळ होतो. वायवाला (तोंडी परीक्षेला) कोरा चौकटीचा कागद पुढे सरकवून "कुशिंगची रात्र काढ" एवढंच म्हणा. पेटी मिळाली नाही तर मोबाइलवरचं कीबोर्ड अॅप चालतं, फक्त वर्गातला स्पीकर आदल्या दिवशी तपासून ठेवा.